केबिनची पाठ

अब्बांना जाऊन पुढच्या महिन्यात चार वर्षे होतील. त्यांची टाटामोबाईल अजून आमच्या अंगणात उभी असते. टेल्कोने १९८८ साली बाजारात आणलेली ही पिकअप. आमची गाडी त्यानंतर सहा वर्षांनी घेतलेली. धाकटा भाऊ तिच्यातून कांदा, डाळिंब मार्केट यार्डात पोचवतो, त्यावरच त्याचे घर चालते.

यंदा मे महिन्यात त्याने ती विकायचे ठरवले. गिऱ्हाईकही मिळाले, नुकताच धंद्यात पडलेला शेजारच्या गावचा एक मुलगा. "आपा, मागची पाठ नीट करून रंग मारून घेतो, दोन दिवसांचं काम," भाऊ म्हणाला. पाठ म्हणजे केबिनची मागची भिंत. सीटमागचा जो पत्रा, ज्यात मागची काच बसते, तो. बाहेरून रंगाला चार-दोन फोड दिसत होते, एवढेच.

शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गॅरेजवर गेले. उस्तादांनी सीट काढली, मागचे रेक्झिन सोलले आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला. काचेचे रबर कडक होऊन चिरले होते. तिथून उतरलेले पाणी आतल्या फोमने वर्षानुवर्षे धरून ठेवले. बाहेर केबिन आणि हौदा यांच्या फटीत माती नि कांद्याची टरफले साचलेली, तीही ओली. मधे कधीतरी कुणी पुट्टी भरून गेला होता. तिच्या आडोशाला गंज निवांत वाढला.

उस्ताद म्हणाले, "पुन्हा पुट्टी थापतो, एक पावसाळा निघेल. पण घेणाऱ्याला सांगून देणार असाल तरच हात लावतो."

भाऊ चिडला. सांगितल्यावर कोण घेणार? रात्री जेवताना यावरून आमचा वाद झाला. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पोराच्या घरीपण कुणी वाट बघत असेल." भावाने ताट सरकवले आणि तिथूनच मुलाला फोन लावला. मुलाने शुक्रिया म्हटले आणि दुसरी गाडी घेतली. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलली होती अम्मी, पण राग माझ्यावर!

शेवटी गाडी ठेवायची आणि पाठ बदलायची ठरली. नवा पत्रा मिळेना. उस्तादांनी भंगारबाजारातून पुढून ठोकर बसलेल्या त्याच मॉडेलच्या केबिनची धड पाठ आणली. साधा सपाट पत्रा का नाही लावत, मी विचारले. त्यांनी पत्र्यावरच्या उठावदार पट्ट्यांवर बोट फिरवले. या नसतील तर पत्रा चालत्या गाडीत डफासारखा वाजतो.

कापायची घाई त्यांनी मुळीच केली नाही. दारांचे मागचे खांब आणि छत यांना हाच पत्रा एकमेकांशी धरून ठेवतो. तो काढला की केबिन फाकते, मग दारे लागत नाहीत. म्हणून आधी आतून दोन लोखंडी पट्ट्या आडव्या-तिरक्या टाकल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापे घेऊन ती खडूने भिंतीवर लिहिली. बॅटरीची वायर सोडली, पाण्याची बादली नि ओले गोणपाट जवळ ठेवले. मग कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके एकेक करून ड्रिलने सोडवले. जुनी पाठ निघाली, पण तिच्याखालची कडही कुजलेली निघाली. खर्च वाढला, आणखी तीन दिवस गेले. भावाने दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घेऊन माल पोचवला. त्या आठवड्यात हाती काही उरले नाही.

नवी पाठ आधी नुसत्या स्क्रूंवर बसवून दारे उघडून-लावून पाहिली. मग जोडणी. सलग वेल्डिंग केले तर पत्रा तापून पोट काढतो, म्हणून एक टाका इकडे, दुसरा पार तिकडे, मधे थांबायचे. त्यांच्या हाताखालच्या पोराला हे थांबणेच जमत नव्हते. माझ्या नववीच्या वर्गातली दोन-तीन मुले आठवली. सांध्यांत सीलर भरला, आतल्या बाजूलाही प्रायमर मारला, काचेला नवे रबर घातले. फोम परत बसवू दिला नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा भाऊ सीट पुढे ओढून टॉर्च घेऊन आत बसला. डाव्या कोपऱ्यात रबराखालून एक थेंब आला. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी येऊन तो कोपरा पुन्हा भरला, पैसे घेतले नाहीत. जुनी पाठ अम्मीने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली आहे. भोके पडलेली आहेत, म्हणून वर प्लॅस्टिक.