भाव बघण्याआधी कारभार बघा

मंदी आली, की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मोठ्या कंपनीचा शेअर स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू.’ त्यातून कंपनी सॉफ्टवेअरची असेल, तर विचारूच नका. आपल्या सोलापूरची कितीतरी मुलं-मुली पुण्या-हैदराबादला अशा कंपन्यांत नोकरी करतात. त्यामुळं या कंपन्या आपल्याला घरच्याच वाटतात. पण मैत्रिणींनो, नाव मोठं आणि भाव पडलेला, एवढ्यावर साठवलेली पुंजी घालायची का?

2008 साल आठवा. अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इकडे जानेवारीत 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात साडेआठ हजारांपर्यंत खाली आला. सगळेच शेअर पडत होते. त्यात भक्कम कंपनी कोणती आणि पोकळ कोणती, हे नुसत्या भावावरून कळणार कसं?

त्याच वर्षी हैदराबादच्या ‘सत्यम’ला उत्तम कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. डिसेंबरात मात्र या कंपनीनं अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या 1.6 अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअरवाल्यांना बांधकामाच्या आणि जमीनजुमल्याच्या कंपन्या कशाला हव्यात? गुंतवणूकदारांनी ओरड केली, तसा काही तासांत बेत रद्द झाला. पाठोपाठ संचालक मंडळातल्या चार संचालकांनी राजीनामे दिले.

7 जानेवारी 2009 रोजी राजूंनी पत्र लिहून कबुली दिली. हिशेबात दाखवलेल्या शिलकेपैकी 5,040 कोटी रुपये मुळात नव्हतेच! शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे 24 रुपये नफा दाखवला होता, खरा होता जेमतेम 3 रुपये. आदल्या दिवशी 179 रुपयांच्या आसपास असलेला शेअर एका दिवसात 40 रुपयांवर आला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

ऑडिटरनं सही केलेले खोटे आकडे आपल्याला घरबसल्या ओळखता आले नसते, हे खरं. पण मालकाच्या घरच्या कंपन्या घेण्याचा तो प्रकार तीन आठवडे आधीच पेपरात आला होता. बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी गटाचे पैसे स्वतःच्या दिराच्या दुकानात गुंतवायचे म्हटलं, तर आपण गप्प बसू का? मग कंपनीलाही तेच विचारायचं. पैसा नातेवाइकांकडे वळतोय का? नफा दिसतो, पण रोकड खरंच हातात येते का? मालकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का? ‘सत्यम’नंतर सेबीनं ही गहाणाची माहिती जाहीर करणं सक्तीचं केलं आहे. शेअर बाजाराच्या वेबसाइटवर ती बघता येते. स्वतःला जमत नसेल, तर कॉलेजातल्या मुलीला शोधायला सांगा.

पुढं सरकारनं जुनं संचालक मंडळ बरखास्त करून नवी माणसं नेमली. एप्रिल 2009मध्ये पुण्याच्या टेक महिंद्रनं 58 रुपये शेअरला बोली लावून ‘सत्यम’ची सूत्रं घेतली आणि 2013मध्ये ती आपल्यात विलीन करून घेतली. काम तेच होतं आणि मंदीही तीच होती, बदलले ते कारभारी. 2015मध्ये कोर्टानं राजूंना 7 वर्षांची शिक्षा सुनावली.

आज अनेक घरांत डीमॅट खातं बाईच्या नावावर असतं. सही तिची, पण निर्णय दुसऱ्याचाच. ‘तुला त्यातलं काय कळतंय,’ असं म्हणून फॉर्म पुढं सरकवला जातो. भाजीवाल्याचा हिशेब चुकू न देणाऱ्या बाईला कारभार नक्कीच कळतो. तेव्हा वरचे प्रश्न विचारा, उत्तर पटलं तरच सही करा. नाहीतर पेन खाली ठेवा. पैसा बुडाला, तर तो तुमच्याही संसाराचाच असणार आहे.