घरभेट, पण कोणत्या घरी?

कागदावर योजना चांगलीच आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले तर आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचे. बाळाचे वजन करायचे, अंग गार पडले का बघायचे, श्वास मोजायचा, दूध ओढते का पाहायचे. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आणखी पाच भेटी. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवले, आणि 39 गावांत नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने ते छापले.

तेव्हा घरभेटींनी मुले वाचतात का, हा वादच उरला नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे : घर कोणते धरायचे?

जव्हार, मोखाडा, विक्रमगडची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. तान्हे बाळ सोबतच जाते. गावच्या आशेच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, आणि भट्टीच्या गावातल्या आशेच्या वहीत ते घरच नसते. इकडे बोईसरला, तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणारे परप्रांतीय जोडपे आज या चाळीत, चार महिन्यांनी दुसऱ्या. त्यांना यादीत घ्यायचे कोणी?

काही साहेब लोक म्हणतात, आशा कामचुकार. आम्हाला हे मान्य नाही. केंद्राच्या योजनेत पहिल्या 42 दिवसांच्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, नंतरच्या एका भेटीचे 50. सरकार तिला कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते. सेवा बाईने स्वखुशीने करायची, जाब मात्र नोकरासारखा द्यायचा!

1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाळंतिणीची विश्रांती राष्ट्राच्या हिताची मानली, आणि तिचा बराचसा भार सरकारने उचलावा असे मांडले. ते विधेयक कारखान्यातल्या बायकांपुरते होते. भट्टीवर नवऱ्याच्या जोडीने विटा पाडणारी बाई व्यवहारात आजही बाहेरच आहे.

म्हणून आमची मागणी : वही घराची नको, बाळाची करा. कुटुंब निघाले की एका आशेने दुसरीला कळवावे, आणि जी भेट देईल तिला त्या भेटीचे पैसे मिळावेत. चाळमालक भाडेकरूंची माहिती पोलिसांत देतोच; त्या अर्जात दोन वर्षांखालच्या मुलांचा एक रकाना वाढवून तो आरोग्य केंद्राला पाठवा. भट्टीमालकाला रोज किती विटा पडल्या ते बरोबर कळते. भट्टीवर तान्ही मुले किती, हेही त्याने पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीला लिहून द्यावे.