मंत्रिपदापलीकडचे चिंतामणराव

चिंतामणराव देशमुख यांचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो १९५६ मधील राजीनामा. मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे आक्षेप लोकसभेत मांडून ते अर्थमंत्रिपदावरून दूर झाले. या प्रसंगाचा आपल्याला अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. परंतु त्यांची कारकीर्द आपण तेथेच संपवून टाकतो, हे मात्र अन्यायाचे आहे.

या संदर्भात प्रशियाचे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांचे स्मरण होते. शिक्षणविभागाचे प्रमुख या नात्याने १८०९-१० मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठाची उभारणी केली. पुढे १८१९ मध्ये ते मंत्री झाले. पण विद्यापीठे व वृत्तपत्रे यांची मुस्कटदाबी करणाऱ्या कार्ल्सबाड ठरावांना विरोध केल्यामुळे त्याच वर्षअखेर त्यांना पद गमवावे लागले. त्यानंतर ते भाषाभ्यासात रमले आणि १८२५-२६ मध्ये त्यांनी बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर व्याख्याने दिली.

दोघांत भेद आहेच. हुम्बोल्ट यांना काढण्यात आले. चिंतामणराव स्वतः बाहेर पडले. हुम्बोल्ट सार्वजनिक जीवनापासून दूर गेले. चिंतामणराव मात्र दिल्लीतच राहिले. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीतही त्यांचा वाटा मोठा होता. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविणारा हा विद्यार्थी पुढे मेघदूताचा मराठी अनुवादक झाला, संस्कृतातही काव्यरचना करीत राहिला.

कोणी म्हणेल, ज्याच्यामागे पक्ष नव्हता त्याला पद सोडणे सोपेच होते. मला हा युक्तिवाद पटत नाही. पक्ष नसलेल्या माणसाला सत्तेकडे परतण्याची वाटही नसते. मग त्यांना हे धैर्य कोठून आले? माझ्या मते त्याचे मूळ विद्येत होते. ज्याचे सारे आयुष्य पदावरच उभे असते, त्याला पद सोडता येत नाही; फार तर तो दुसऱ्या पदाची वाट पाहतो. चिंतामणरावांपाशी मंत्रिपदाहून जुने आणि अधिक आपले असे काही होते.

म्हणूनच दिल्लीत भारतीय भाषांचे अध्ययन करणाऱ्यांनी त्यांच्याकडे केवळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील एक मानकरी म्हणून पाहू नये. भाषा आणि वाङ्मय यांचा व्यासंग हा कारभारातून निवृत्त झालेल्यांचा विरंगुळा आहे, असा समज आपल्या विद्यापीठांतूनही आढळतो. राजीनाम्याच्या आधीचे आणि नंतरचे चिंतामणराव एकत्र पाहिले, तर तो समज टिकत नाही.