युद्ध पेटलं अन् तेल स्वस्त झालं!

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. त्याआधी कच्च्या तेलाचं एक पिंप साधारण २० डॉलरला मिळायचं, ऑक्टोबरात ते ४० च्या वर गेलं. इथवर सोपं आहे. पण १७ जानेवारी १९९१ ला अमेरिका आणि मित्रदेशांची विमानं इराकवर बाँब टाकू लागली, आणि त्याच दिवशी भाव दहा डॉलरनी कोसळला! आहे की नाही गंमत?

भाव नुसत्या तेलाचा नसतो, धास्तीचाही असतो. सौदी अरेबियाच्या विहिरी पेटल्या तर, म्हणून जो तो साठा करत होता. त्या सुरक्षित आहेत असं दिसलं, राखीव साठे बाजारात येणार असं जाहीर झालं, आणि धास्ती ओसरली.

आता यात धास्तीचा वाटा किती अन् खऱ्या तुटवड्याचा किती? युद्ध काही पुन्हा करून बघता येत नाही (नकोच ते!). म्हणून संशोधक संगणकात लुटुपुटीचा बाजार मांडतात. चिंचोके घ्या, आपणही मांडू.

दुकानात ३० चिंचोके. दर फेरीला १० नवे येतात, दहा मुलं एकेक घेतात. सगळं सुरळीत. एका फेरीला मात्र ८ च आले. राहिले २८. आता नियम असा, की फेरीच्या सुरुवातीला ३० पेक्षा कमी दिसले तर घाबरून प्रत्येकाने दोन घ्यायचे. पुढच्या फेरीअखेर उरतील १८, मग ८, आणि त्यानंतर दहावं मूल रिकाम्या हाताने परत! तुटवडा होता फक्त दोन चिंचोक्यांचा. हाच नियम '२० पेक्षा कमी' असा करा, कुणाला काही कळणारसुद्धा नाही.

संगणक असेच हजारो गिऱ्हाईक, जहाजं, देश घेऊन नियम बदलत फेऱ्या खेळतो. होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर, असंही विचारता येतं. ते आपल्याला विचारायलाच हवं. मुंबई हायचं तेल समुद्रातल्या नळाने आमच्या बेलपाड्याजवळच्या उरणला येतं खरं, पण देशाला लागणारं शेकडा ८० हून जास्त कच्चं तेल बाहेरूनच येतं.

खरी अडचण पुढेच आहे. भावामुळे भांडणंही होतात. कुवेत जादा तेल काढून भाव पाडतोय, ही हल्ल्याआधी इराकची तक्रारच होती. पण कुठला राज्यकर्ता किती तोट्यावर सैन्य धाडेल, हा नियम संगणकाला कुणी सांगायचा? तो माणूसच अंदाजाने लिहितो. अंदाज चुकला की पुढचं सगळं गणित चुकलं.

चिंचोक्यांच्या खेळात तीन मुलं अजिबात न घाबरणारी ठेवा. दुकान किती फेऱ्या टिकतं, कळवा.