उडणारा नगराध्यक्ष नको!

मुलाच्या हाती चित्रकथा दिसली, की आपल्याकडच्या सुशिक्षित गृहस्थांच्या कपाळाला आठ्या पडतात. चित्रे पाहून मूल बिघडते, असा त्यांचा सिद्धांत! त्यांच्याशी माझे भांडण आहेच. पण त्याहून मोठे भांडण चित्रकथांच्या कैवाऱ्यांशी आहे. "अहो, पोरांना चार घटका करमणूक नको का?" असे म्हणून ते मोकळे होतात. ही पुस्तके मुलांना राज्यकारभाराचे धडे देतात आणि ते धडे उफराटे असतात, हे या दोन्ही पक्षांच्या गावीही नाही.

इंद्रजाल कॉमिक्सचेच उदाहरण घ्या. १९६४ साली मुंबईहून ही मालिका निघाली, मराठीतही आली आणि १९९० मध्ये थांबली. तिच्यातला वेताळ अरण्यातल्या कवटीच्या गुहेत राहतो. दुष्टाच्या जबड्यावर ठोसा हाणतो, कवटीची खूण उमटवतो आणि पसार होतो. त्या अरण्यात ना घरपट्टी, ना पाणीपट्टी! १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी 'बहादूर' आणला, तो मात्र आपल्या मातीतला. बाप डाकू, पण मुलाने सूड सोडून नागरिकांचे सुरक्षा दल उभारले. एकट्याच्या मनगटापेक्षा दहांची संघटना मोठी, हे त्या कथेने निदान ओळखले होते. पुढे हिंदीतून राज कॉमिक्सचा 'डोगा' आला. कुत्र्याचा मुखवटा घालून तो मुंबईच्या रस्त्यांवर न्यायनिवाडा करतो. गुन्हेगार न्यायालयापर्यंत पोचण्याचे कारणच उरत नाही. अरण्यातून आपण शहरात आलो खरे. पण नगरपालिकेच्या दारापर्यंत काही आलो नाही!

तिकडे अमेरिकेत २००४ ते २०१० या काळात 'एक्स माकिना' नावाची पन्नास अंकांची मालिका निघाली. लेखक ब्रायन वॉन, चित्रकार टोनी हॅरिस. तिचा नायक मिचेल हंड्रेड हा स्थापत्य अभियंता. त्याला यंत्रांशी बोलण्याची शक्ती मिळते आणि तो आकाशात उडू लागतो. पण गंमत पुढेच आहे. उडून शहर सुधारत नाही हे उमगल्यावर तो वेष उतरवतो, निवडणूक लढवतो आणि न्यूयॉर्कचा महापौर होतो. मग त्याच्यापुढे प्रश्न उभे राहतात ते असे: रस्त्यावरचे बर्फ कोणी उपसायचे? शहराच्या पैशावर चालणाऱ्या संग्रहालयात लोकांना डाचणारे चित्र टांगले, तर काय करायचे? या प्रश्नांवर ठोसा चालत नाही. शेवटी सत्ता त्यालाही निष्कलंक राहू देत नाही. हे पुस्तक मोठ्यांचे आहे, रक्तपातही त्यात आहे. ते पोरांच्या हाती द्या, असे मी म्हणत नाही. त्याच्या लेखकाला जे सुचले, ते आपल्या एकाही लेखकाला का सुचू नये, एवढेच विचारतो!

आम्हा मोठ्यांसाठी अरुण साधूंनी १९७७ मध्ये 'सिंहासन' लिहिली. सत्ता कशी हलते, हे मराठी वाचकाला तिने दाखवले. मुलांसाठी काय आहे? वर्गात मी 'मी नगराध्यक्ष झालो तर' हा निबंध घालतो. बहुतेक वह्यांतला नगराध्यक्ष गुंडांना बदडतो, लाचखाऊंना उलटे टांगतो आणि एका रात्रीत गाव चकाचक करतो. एका मुलीने मात्र लिहिले होते, "आधी मी विचारीन, नगरपंचायतीत पैसे किती आहेत आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी कोण सोडतो." माझ्या मते त्या सगळ्या गठ्ठ्यातली शूर व्यक्ती तीच!

"मुलांना राजकारणापासून दूर ठेवा," असे मला सांगितले जाते. का म्हणून? आज चौदा वर्षांचे असलेले पोर चार वर्षांनी मतदान करणार आहे. आमच्या अर्धापूरच्या नगरपंचायतीत सतरा प्रभाग आहेत. त्या सतरा खुर्च्यांवर कोण बसणार, हे हीच पोरे उद्या ठरवतील. ज्याला लहानपणापासून मुखवट्याची सवय लागली, तो मोठेपणी मतपेटीतही मुखवटाच शोधतो. "कोणीतरी येईल आणि सगळे ठीक करील," असे म्हणत तो पारावर बसून राहतो. आणि खरोखरच 'कोणीतरी' येतो, तेव्हा त्याला हिशेब विचारण्याची त्याची छाती होत नाही!

मराठवाड्याला तरी हे सांगावे लागू नये. १९४८ च्या सप्टेंबरात फौजेने पाच दिवसांत निजामाला नमवले. पण त्याआधी १९३८ च्या सत्याग्रहापासून दहा वर्षे सामान्य माणसे तुरुंगात जात होती. त्यांचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला त्यांनी मुले शिकवली. त्यांना उडता येत नव्हते.

आणि शिवछत्रपती? पुण्या-मुंबईकडे मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात. वर महाराज असतात; पण खाली भाजीवाला, गवळण, विहीर आणि हिरवे अळीवही असते. मुलांना उपजतच ठाऊक असते, की नुसत्या सिंहासनाने किल्ला होत नाही. खुद्द महाराजांनाही अष्टप्रधान लागले आणि त्यांतला एक जमाखर्च पाहणारा होता!

म्हणून लेखक-चित्रकारांनो, पुढच्या दिवाळीला आम्हाला एक चित्रकथा द्या. तिचा नायक सभेत उभा राहून ठरावाची नक्कल मागू दे, नायिका टँकरच्या फेऱ्या मोजू दे. खलनायकाला ठोसा नको. त्याच्यापुढे खतावणी उघडा. पोरे ती वाचणार नाहीत, असे म्हणू नका. खतावणी उघडल्यावर चोराचा चेहरा कसा होतो, ते नीट रंगवा. पोरे पानावरून नजर हलवणार नाहीत!