फोन तुमचा, कान आमचे

मुंबईच्या लोकलमध्ये शांतता मागणं म्हणजे मासळीबाजारात अत्तराचा वास शोधण्यासारखं आहे, असं कोणीही म्हणेल. खोटं नाही ते. रुळांचा खडखडाट, डोक्यावरच्या पंख्यांची घरघर, 'पुढील स्टेशन' सांगणाऱ्या बाई, क्लिपा-पिना विकणारी पोरं, 'उतरना है क्या?'चा गजर, मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रंगलेला पत्त्यांचा डाव... एवढ्या गदारोळात एका मोबाईलचा आवाज तो काय, आणि त्याचा एवढा बाऊ कशाला?

मला विचाराल तर बाऊ करायलाच हवा. का, ते सांगतो.

आधी मंडळींची ओळख. पहिले रीलवाले. यांचा अंगठा दर सात सेकंदाला वर सरकतो. अर्धं गाणं, पाव विनोद, कुणाचं तरी खोटं हसणं, मग परत तेच अर्धं गाणं. डोंबिवली ते दादर एकही गोष्ट पूर्ण होत नाही. दुसरे स्पीकरवाले. हे फोन कानाला लावत नाहीत, टोस्ट खाल्ल्यासारखा तोंडासमोर आडवा धरतात. पलीकडच्या वहिनींनी आज कुकर कितीदा लावला, हे सगळ्या डब्याला कळतं. आणि तिसरे आपले, आयटीवाले! ऐरोली-घणसोलीला पोचायच्या आत यांचा स्टँड-अप उरकायचा असतो. "ॲम आय ऑडिबल?" असं विचारतात. अरे बाबा, आहेस! सगळ्या डब्याला आहेस! क्लायंटचं नाव, रिलीजची तारीख, कुठला सर्व्हर झोपलाय, सगळं समजलं आम्हाला :)

आता कोणी म्हणेल, लोकलमध्ये भजनी मंडळं काय कमी आवाज करतात? टाळ असतात, डबा बडवला जातो. त्याआधीच्या जमान्यात तर ट्रान्झिस्टर असायचे. वडिलांच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, मॅच असली की एकाच्या कानाशी ट्रान्झिस्टर आणि बाकी डब्याच्या तोंडी "स्कोअर काय झाला?". मग फोनवरच राग का?

भजनाचा त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. ज्याला झोपायचंय त्याला होतोच. पण ट्रान्झिस्टर असो की भजन, त्या आवाजात शेजाऱ्याला जागा होती. तो स्कोअर विचारू शकत होता, टाळी वाजवू शकत होता. रील एकट्यासाठी असते. तिच्यातलं सुख एकाचं आणि आवाज सगळ्यांचा.

दुसरं कारण मेंदूचं आहे. एवढ्या खडखडाटात लोक उभ्या उभ्या झोपतात ते कसे? तर तो आवाज एकसारखा असतो. मेंदू त्याला पार्श्वभूमीत टाकून देतो. ज्याचा अंदाज येत नाही असा आवाज टाकता येत नाही, लक्ष तिकडे जातंच. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या अँड्र्यू मंक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली यावर एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. सार्वजनिक ठिकाणी तेच संभाषण एकदा दोन माणसांत समोरासमोर आणि एकदा मोबाईलवर घडवून आणलं. आवाजाची पातळी सारखी ठेवली तरी लोकांना मोबाईलवरचं बोलणं जास्त खुपलं. पुढे २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अर्धवट संभाषण ऐकू येत असेल तर ऐकणाऱ्याचं हातातल्या कामावरचं लक्ष ढळतं. पूर्ण संभाषण ऐकू आलं तर तसं होत नाही. म्हणजे आपण चोंबडे असतो म्हणून ऐकतो असं नाही, मेंदू गाळलेल्या जागा भरायला धावतो. रील म्हणजे तर नुसत्या गाळलेल्या जागाच!

तिसरं कारण आमच्या इंजिनीअरिंगचं. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला खर्जातला आवाज काढताच येत नाही. त्याची सगळी ताकद वरच्या पट्टीत जाते, आणि माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळ्यात तिखट असतो. गाडीची घरघर खालच्या पट्टीत, फोनची किरकिर वरच्या. त्यामुळे गाडीच्या आवाजात फोन बुडत नाही, तो सुईसारखा आरपार येतो. २०१७ च्या डिसेंबरपासून धावणाऱ्या एसी लोकलमध्ये तर दारं बंद, बाहेरचा खडखडाट कमी. तिथे ही सुई आणखी टोचते.

आणि बोलणाऱ्याला कळत कसं नाही की आपण ओरडतोय? त्यालाही नाव आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी १९११ साली लिहून ठेवलं. शिवाय जुन्या लँडलाईनमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत ऐकू यायचा, त्यामुळे किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज राहायचा. स्पीकरवर टाकलेल्या फोनमध्ये ती सोय नसते. म्हणजे ओरडणारे सगळेच माजोरडे नसतात. बऱ्याच जणांना खरंच कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग कायदा करा की! केलाय. रेल्वेनं जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांत रात्री दहानंतर मोठ्यानं फोनवर बोलायला आणि इअरफोनशिवाय गाणी लावायला मनाई केली. बेस्टनं एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावण्यावर बंदी घातली. १९८९ च्या रेल्वे कायद्यात उपद्रव करणाऱ्यासाठी कलम १४५ आधीपासूनच आहे.

पण जरा डोळ्यासमोर आणा. बेस्टचा कंडक्टर एकटा. तिकिटं फाडायची, सुट्टे पैसे द्यायचे, दारातल्यांना आत ढकलायचं, आणि वर रीलवाल्याशी भांडायचं? लोकलच्या डब्यात तर कंडक्टरही नाही. ८.१२च्या फास्टमध्ये कलम १४५ लावायला येणार कोण, आणि आला तरी आत शिरणार कुठून?

आता खरा मुद्दा. लोकल कायद्यावर कधी चाललीच नाही. तिघांच्या बाकावर चौथी सीट असते, हे कुठल्या नियमात लिहिलंय? पुढच्या स्टेशनला उतरणारे आधीच रांगेनं दाराशी येतात, बसलेला माणूस उभ्याची बॅग वर रॅकवर सरकवून देतो, लेडीज डब्यात "कुठे उतरणार?" विचारून सीटची नोंदणी होते. यातलं काहीही कुणी छापलेलं नाही. लोकांनी एकमेकांना सांगून सांगून ते घडवलं.

तुम्ही म्हणाल, या जुन्या काळच्या गोष्टी. मग सॅकचं उदाहरण घ्या. पाठीवरच्या लॅपटॉपच्या सॅका गर्दीत घुसल्या तेव्हा काय वैताग झाला असेल! एका सॅकमागे एक माणूस कमी मावायचा. आज चढताना बहुतेक जण सॅक आपणहून पोटावर घेतात. त्यासाठी ना मोहीम झाली, ना दंड. "भाऊ, बॅग पुढे घे" या चार शब्दांनी हे काम केलं. कोणी चिडलं, कोणी भांडलं, पण हजारो वेळा हजारो लोकांनी तेच वाक्य म्हटलं आणि ते नियम होऊन बसलं.

मग फोनच्या बाबतीत तसं का होत नाही? कारण सॅक सगळ्यांनाच टोचत होती. त्यातून सुटका विकत मिळत नव्हती. आवाजातून मिळते. ज्याला हा आवाज सगळ्यात जास्त खुपतो आणि जो धडपणे बोलू शकतो, तो बहुतेक आपल्यासारखा नोकरदार असतो. त्यानं काय केलं? चार-पाच हजारांचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स घेतले आणि विषय मिटवला. त्याच्यापुरता. शेजारी आठ तास उभं राहून परतणारी सेल्सगर्ल आहे, तिला ठाण्यापर्यंतची झोप हवी आहे. समोर सीएच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसलेला पोरगा आहे. कोपऱ्यात डोकं धरून बसलेले आजोबा आहेत. त्यांचा प्रश्न मिटलेला नाही. उलट बोलणारा माणूस गेल्यामुळे तो वाढलाय. पाणी येत नाही म्हणून सोसायटीतल्या पैसेवाल्यांनी टँकर मागवायचा आणि मग पाण्याच्या मीटिंगला जायचंच बंद करायचं, तसं आहे हे.

गंमत बघा. सोनीनं १९७९ साली पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला हेडफोनच्या दोन खोबण्या होत्या आणि एक खास बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन शेजाऱ्याचं बोलणं कानात ऐकू यायचं. कारण सोनीच्या अकिओ मोरितांना वाटत होतं, एकट्यानंच ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल! आज एकटं ऐकणारा सभ्य ठरलाय, कारण दुसरा पर्याय सगळ्या डब्याला ऐकवण्याचा आहे. पण त्या बटणामागचा विचार मला अजूनही पटतो. कान बंद केले तरी शेजारी तिथेच असतो.

आमच्या धंद्याचाही यात वाटा आहे, तो झाकायला नको. लोक सेटिंग बदलत नाहीत. जे डिफॉल्ट दिलं तेच चालतं, हे कुठलाही सॉफ्टवेअरवाला सांगेल. फेसबुकवर आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आधी मुके असायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीनं ते फोन सायलेंट नसेल तर आवाजासकट सुरू होतील असं जाहीर केलं. याच्या उलट क्रोम ब्राउझरनं एप्रिल २०१८ मध्ये आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. ॲप उघडलं की आवाज बंद, हवा असेल त्यानं चालू करावा. दोन ओळींचं काम आहे हो. पण ते करायची इच्छा व्हायला बाहेरून कुरकुर यावी लागते, आणि कुरकुर करणारे इअरबड्स घालून बसलेत.

एक आक्षेप मात्र मी मानतो. सगळ्यांकडे इअरफोन नसतात. गावाकडे असलेल्या बायकोशी, पोरांशी बोलायला दिवसभरात एवढाच वेळ मिळणारा माणूस डब्यात असतो. आईला ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलणारी मुलगी असते. त्यांना गप्प करायला निघालो तर आपण कसले सभ्य? दोन मिनिटांचा घरचा फोन ही गरज आहे. चाळीस मिनिटं रील ऐकवणं ही गरज नाही, आणि त्याला इअरफोनही लागत नाही. आवाज शून्य करून खाली अक्षरं वाचता येतात. फरक सगळ्यांना कळतो, फक्त न कळल्याचं सोंग येतं.

तेव्हा सांगायला हवं. कसं, तेही महत्त्वाचं. "मॅनर्स नाहीत का?" असं सुरू केलंत तर "एवढाच त्रास असेल तर टॅक्सीनं जा ना" हे उत्तर ठरलेलं आहे. मघाशी म्हटलं ना, बऱ्याच जणांना कळतच नसतं. म्हणून आधी नातं जोडा. "काका, जरा आवाज कमी करता का?" "मावशी, तेवढं कानाला लावून बोला ना." "दादा, इथे एक जण झोपलाय." मी पाहिलंय, दहातले बरेच जण दचकून आवाज कमी करतात, काही तर सॉरीही म्हणतात. एखादा भांडतो. तेव्हा शेजारच्या दोघांनी "बरोबर बोलतायत ते" एवढं म्हटलं तरी पुरतं. एकट्यानं सांगितलं तर कटकट, तिघांनी सांगितलं तर रीत. सॅकचं असंच झालं होतं.

आणि ज्यांच्या कानात इअरबड्स आहेत त्यांना एकच विनंती. एका कानातला काढून ठेवा. बाजूचा कोणी धीर करून काका-मावशी म्हणत असेल, तर "बरोबर आहे" म्हणायला तुम्ही तिथे हवे आहात.

असो. उद्या सोमवार. गाडीत भेटूच, पण हळू आवाजात :)