दूध संपलं खरं, पण प्यायलं कोणी?

२१ सप्टेंबर १९९५, पितृपक्षातला गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीकडून निघाली आणि दिवस मावळायच्या आत फोनवरून, तोंडोतोंडी ठाणे-कल्याण-डोंबिवलीत पोचली. वाटी-चमचा घेऊन देवळापुढे रांगा लागल्या.

मैत्रिणींनो, ज्यांनी ते पाहिलं त्या खोटं बोलत नव्हत्या. सोंडेला चमचा टेकवला की दूध खरोखर कमी व्हायचं. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिलं, तेव्हा ते मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरताना दिसलं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसणार कसं? पृष्ठताणाचा खेळ. डोळे बरोबर होते, घाई झाली ती अर्थ लावताना.

म्हणूनच 'हजारोंनी पाहिलं' हा पुरावा अपुरा पडतो. काय दिसलं तेवढं त्यातून कळतं, कशामुळे ते नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्येच विचारलं होतं, की निसर्गनियम मोडला हे जास्त संभवतं की सांगणाऱ्याची फसगत झाली हे? आपल्याला हे नवं नाही. पातेल्यातलं दूध कमी दिसलं की आपल्याला आधी मांजर आठवतं, बाळकृष्ण नाही!

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून झुंबड उडाली. भर पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी तिथे येतंच, पण मिठी नदीची घाणही तिथेच येते. महापालिका 'पिऊ नका' सांगत असताना लोक ते प्यायले, बाटल्या भरून घरी नेल्या. चमचाभर दूध गेलं तर गेलं. हे पाणी आजाऱ्याच्या, लेकराच्या पोटात जाणार होतं.

मग ज्ञानेश्वरांची भिंत? माझ्यापुरतं सांगते, भिंत चालली नसती तरी ज्ञानेश्वरी तेवढीच मोठी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदाही वारी, हरिपाठ, कीर्तन आणि होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या गोष्टी यांना हात लावत नाही. तो पकडतो तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणाऱ्याला, आणि साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे करणाऱ्याला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तक्रार घ्यायला पोलिसांत दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. शेजारची वहिनी अशा कोणाकडे निघाली असेल, तर तिला एवढं सांगून ठेवा.